टेबलावरचं जहाज

नौदलात वीस वर्षं काय केलंत, असं कुणी विचारलं की मी ‘पार्किंग’ असं सांगतो. समोरचा हसतो, मग माझा चेहरा बघून हसू आवरतं घेतो. पनवेलच्या आमच्या सोसायटीने मात्र हे उत्तर अगदी गंभीरपणे घेतलं. बिऱ्हाडं बारा, कंपाउंडात जेमतेम सात गाड्यांची जागा, गाड्या अकरा, स्कूटरी वेगळ्या. मी राहायला आल्यानंतरच्या पहिल्याच मीटिंगमध्ये सेक्रेटरींनी विषय माझ्या गळ्यात घातला. “तुम्ही बोटीवर विमानं लावत होतात ना? मग आमच्या गाड्या लावून द्या की!”

दिल्या. विमानाचं एक बरं असतं, ‘ही माझी जागा’ म्हणून भांडायला त्याचा मालक खाली येत नाही. इथे शनिवारचं एक भांडण ठरलेलं. बाकी प्रश्न तोच. जागा कमी, नग जास्त, आणि ज्याला सगळ्यांत आधी निघायचंय तो नेमका सगळ्यांत मागे.

बिल्डिंगमध्ये मला ‘कॅप्टन’ म्हणतात. पहिली दोन वर्षं मी सांगून पाहिलं की मी कॅप्टन नव्हतो, चीफ पेटी ऑफिसर होतो, आणि या दोघांच्या मध्ये बराच समुद्र आहे. मग सोडून दिलं.

माझी शाखा एअरक्राफ्ट हँडलरची. विमानवाहू जहाजावर पायलट असतात, त्यांच्यावर सिनेमे निघतात. विमानं दुरुस्त करणारे असतात, त्यांच्यावाचून काही उडत नाही हे कुणालाही कळतं. आणि मग आम्ही. विमान हँगरमधून वर आणायचं, ढकलायचं, ट्रॅक्टरला जोडून ओढायचं, चाकाला चॉक लावायचा, साखळ्यांनी डेकला बांधायचं आणि वेळ झाली की सोडायचं. डेकवर कामाप्रमाणे जर्सीचा रंग. हाताच्या खुणांनी विमानाला वाट दाखवणारा पिवळ्या जर्सीत, ढकलणारे निळ्या जर्सीत. इंजिनांच्या आवाजात तोंडाने बोललेलं कुणालाच ऐकू जात नाही, म्हणून रंग आणि हात, एवढीच तिथली भाषा.

१९८८ साली मी ओडिशातल्या आयएनएस चिल्काला दाखल झालो, तिथून कोचीला, आणि १९९० मध्ये ‘विराट’वर. पनवेलच्या पोराने पाहिलेला समुद्र म्हणजे खाडी. भरतीला चिखलातून हळूच आत येणारी आणि ओहोटीला तशीच परत जाणारी. मुंबईच्या गोदीत विराटच्या पोटाशी उभं राहून मान वर केली तेव्हा मला समुद्र दिसलाच नाही, नुसता एक राखाडी डोंगर दिसला.

हा डोंगर माझ्यापेक्षा वयाने मोठा. १९४४ साली, महायुद्ध चालू असताना, इंग्लंडात तिची बांधणी सुरू झाली. युद्ध संपलं, काम रेंगाळलं, १९५३ ला ती पाण्यात उतरली आणि नोव्हेंबर १९५९ मध्ये ‘हर्मिस’ या नावाने ब्रिटिश आरमारात दाखल झाली. १९८२ च्या फॉकलंड युद्धात ती ब्रिटिश ताफ्याचं ध्वजजहाज होती. त्या मोहिमेवर निघताना तिच्यावर १२ सी हॅरियर आणि १८ सी किंग हेलिकॉप्टरं होती, पुढे आणखी विमानं येऊन मिळाली. तिच्यावर आल्यावर मला त्या युद्धातल्या डावपेचांपेक्षा हाच आकडा जास्त छळायचा. इतकं सगळं ठेवलं कुठे, आणि त्याहून महत्त्वाचं, काढलं कसं? १२ मे १९८७ ला ती आपली झाली, तेव्हा तिचं नाव बदललं. डेक तेवढाच राहिला.

लांबी सुमारे २२६ मीटर आणि रुंदी जिथे सर्वांत जास्त तिथे ४९ मीटरच्या आतबाहेर. ऐकायला पुष्कळ वाटतं. पण उजव्या कडेला आयलंड, म्हणजे ब्रिज आणि मास्ट असलेली ती इमारत. पुढच्या टोकाला १२ अंशांनी वर उचललेला स्की जंप. विमान धावत येऊन त्याच्यावरून आभाळात फेकलं जाणार, म्हणून त्याच्यापर्यंतची वाट मोकळी. हेलिकॉप्टरं आणि हॅरियर उतरायच्या जागा मोकळ्या. हँगरमधून वर येणाऱ्या दोन लिफ्ट, एक डाव्या कडेला आणि एक मागच्या अंगाला, त्यांच्यावर काही उभं करायचं नाही. हे सगळं वजा करून उरेल ते आपलं.

सी हॅरियर हे मोठं सोयीचं विमान होतं, आणि ढकलणाऱ्याच्या दृष्टीने तितकंच अडचणीचं. सोय अशी, की त्याला वाफेच्या कॅटापल्टने फेकावं लागत नसे आणि उतरताना तारेत अडकवावं लागत नसे. जुन्या विक्रांतवर या दोन्ही गोष्टी होत्या. हॅरियर मात्र जहाजाच्या डाव्या बाजूला येऊन हवेत थांबायचं, आडवं सरकून डेकवर यायचं आणि सरळ खाली बसायचं. कितीही वेळा पाहिलं तरी ते दृश्य खोटं वाटायचं. अडचण अशी, की त्याचे पंख मिटत नसत. साडेसात मीटरच्या वर पसरलेले ते पंख घेऊनच त्याला हँगरमध्ये, लिफ्टवर, दुसऱ्या विमानाच्या कुशीत शिरावं लागे. मिटायचं ते फक्त नाक, बिजागरीवर बाजूला. शिवाय पंखांच्या टोकांना छोटी चाकं. ढकलताना सगळ्यांचं लक्ष मधल्या मोठ्या चाकांकडे आणि घात व्हायचा तो या टोकाच्या चाकांपाशी, लिफ्टच्या फटीत किंवा डेकच्या कडेला. डेकच्या कडेला कठडा नसतो, हे सांगायला हवं. खाली समुद्र.

लहानपणी जत्रेत एक प्लास्टिकचं कोडं मिळायचं, पंधरा आकडे आणि एक रिकामी चौकट. आकडा सरकवायचा तर रिकामी चौकट आधी त्याच्या शेजारी आणायला लागते. आमचं काम तेच, फक्त एकेक आकडा काही टनांचा, त्यात रॉकेल भरलेलं, आणि पाटी हलती.

हे गणित मी घरूनच शिकून गेलो होतो. माझे वडील, आमचे दादा, एसटीत वाहतूक नियंत्रक, पनवेल स्टँडवर. लोक त्यांना कंट्रोलर म्हणत. पुण्याची वाट पनवेलवरून, गोव्याची पनवेलवरून, अलिबाग, पेण, उरण, सगळ्यांचा फाटा इथे. गणपतीच्या आधीचे तीन दिवस दादा घरी फक्त अंघोळीला यायचे. जादा गाड्या लागलेल्या, कोकणात जाणारी माणसं ट्रंका आणि मखरांची सामानं घेऊन फलाटावर बसलेली, आणि दादा खिडकीतल्या माइकवरून एका सुरात महाड, पोलादपूर, खेड, चिपळूण म्हणत राहायचे. आई मला डबा घेऊन पाठवायची. डबा ठेवायला टेबलावर जागा नसायची.

पण त्यांची खरी कला दिसायची रात्री, मुक्कामी गाड्या लावताना. साडेदहाला आत आलेली गाडी सकाळी पाचची पहिली फेरी करणार असेल, तर ती शेवटी येऊनही पुढे लागली पाहिजे. जिचा ब्रेक दाखवायचा आहे ती वर्कशॉपच्या बाजूला. जिचा स्टार्टर रुसतो ती उताराच्या तोंडाशी, म्हणजे सकाळी चार माणसांनी धक्का दिला की चालू. दादांच्या शर्टाच्या खिशात खडूचा तुकडा असे. जमिनीवर वाकून ते चौकोन काढायचे आणि पेंगुळलेल्या ड्रायव्हरला, जराही आवाज न चढवता, “नाना, एवढी जरा मागे घ्या, मग झोपा,” असं म्हणायचे. मी एकदा विचारलं, हे डोक्यात बसतं कसं? म्हणाले, “गाडी लावताना तिचं येणं बघायचं नाही, जाणं बघायचं.”

विराटवर पहिली चार वर्षं मी निळ्या जर्सीत काढली. हात फुटले, गुडघे गेले, साखळ्यांच्या तेलाचा वास जेवणाला लागला. सकाळी उड्डाणांच्या आधी सगळा डेक आडवी रांग करून चालायचा, माना खाली घालून. एखादा नट, तारेचा तुकडा, पेनाचं टोपण, काहीही इंजिनात ओढलं गेलं तर ते इंजिन संपलं. त्याला आम्ही फॉड वॉक म्हणायचो. वारीसारखी रांग, फक्त तोंडात अभंग नाही. आजही मी वडाळे तळ्याभोवती फिरायला जातो तेव्हा बायको म्हणते, “अहो, वर बघून चाला. काय हरवलंय?”

मग मला टेबलावर घेतलं.

आयलंडच्या पायथ्याशी डेकच्या पातळीवर एक अरुंद खोली होती, एअरक्राफ्ट कंट्रोल रूम. मधोमध टेबल, त्याच्यावर डेकचा नकाशा, रेघन् रेघ प्रमाणात काढलेली. शेजारी खालच्या हँगरचा. आणि विमानांच्या आकाराचे सपाट तुकडे, त्याच प्रमाणात कापलेले. हॅरियरचा तुकडा हॅरियरसारखा. सी किंगचे दोन, एक पाती पसरलेला आणि एक मिटलेला, कारण पाती पसरलेलं सी किंग म्हणजे घराबाहेर मांडव घातल्यासारखं असतं, सुमारे १९ मीटरचा व्यास. टेबलावर दोन तुकडे एकमेकांना टेकले तर बाहेर दोन विमानं टेकणार, इतका तो हिशेब चोख. प्रत्येक तुकड्यावर विमानाच्या नंबराचे शेवटचे दोन आकडे. इंधन किती, खाली काय टांगलंय, कुठला स्नॅग, म्हणजे बिघाड, निघालाय, हे रंगीत खुणांनी आणि चायनाग्राफ पेन्सिलीने लिहायचं. जे उडू शकत नाही ते ‘यू-एस’. दुसरा काही अर्थ घेऊ नका, अनसर्व्हिसेबलचं लघुरूप.

अमेरिकन आरमारात अशाच टेबलाला ‘वीजा बोर्ड’ म्हणतात. वीजा बोर्ड म्हणजे आपलं प्लँचेट. त्यांच्याकडे तुकड्यांवर रंगीत नट आणि पिना ठेवतात, एका रंगाचा अर्थ इंधन हवं, दुसऱ्याचा दुरुस्ती. नाव ठेवणारा खलाशी मार्मिक असला पाहिजे. अंधाऱ्या खोलीत चार माणसं टेबलाभोवती वाकलेली, एकाच्या बोटाखाली तुकडा सरकतोय, आणि बाहेर खरोखरच काहीतरी हलतंय. बाहेरून कुणी पाहिलं तर आत्मा बोलावतायत असंच वाटेल.

मला टेबल शिकवणारे चीफ केरळचे होते. बारीक, पान न खाताही तोंडात पान असल्यासारखे बोलणारे. त्यांनी मला रेघा शिकवल्या नाहीत, तुकडे शिकवले नाहीत. ते एकच प्रश्न विचारायचे. मी हेडसेटवर काही ऐकून तुकड्याला हात लावला की मागून आवाज यायचा, “देखा कि सुना?”

पाहिलंस की ऐकलंस? आता खोलीत बसलेला माणूस डेकवरचं काय डोंबल पाहणार? पण त्यांचा अर्थ वेगळा होता. हेडसेटवरचा माणूस “चौदा नंबर लिफ्टला जातंय” असं म्हणतो तेव्हा त्याने विमान जाताना पाहिलंय, की त्याला ते न्यायला सांगितलंय? ‘जातंय’, ‘जाणार आहे’ आणि ‘गेलं’ हे तीन शब्द माणूस घाईत एकाच्या जागी दुसरा वापरतो. घरी त्याने काही बिघडत नाही. “निघालोय” म्हणणारा माणूस अजून अंघोळीत असतो हे आपण गृहीत धरलेलं असतं. टेबलावर मात्र तुकडा सरकला, की खोलीतल्या प्रत्येकासाठी ती जागा रिकामी झाली.

चीफनी माझ्याकडून एक शिस्त घोटून घेतली. आज्ञा मिळाली की तुकड्याला हात नाही. विमान हललं की तुकडा नुसता तिरपा करायचा. नव्या जागेवर चॉक लागले, साखळ्या पडल्या, तिथल्या माणसाने तसं सांगितलं, की मगच तो सरळ करून बसवायचा. तिरपा तुकडा म्हणजे विमान वाटेवर आहे, त्याची जुनी जागाही त्याचीच आणि नवीही त्याचीच. जागेच्या टंचाईत एका विमानाला दोन जागा द्यायच्या म्हणजे जिवावर यायचं. पण तसंच.

आणि ही शिस्त मी एकदा मोडली.

फेब्रुवारीतली रात्र, गोव्याच्या पश्चिमेला. दिवसभराचं उड्डाण संपत आलेलं, एक सी किंग परत यायचं राहिलेलं. त्याला उतरायला मागची जागा हवी होती आणि तिच्या कडेला एक हॅरियर उभं होतं, खाली हँगरला न्यायचं. हेडसेटवर आलं, हॅरियर लिफ्टकडे. सोळा तास झाले होते, मला चहा हवा होता. मी तुकडा उचलला आणि लिफ्टवर नेऊन ठेवला. तिरपा नाही, सरळ. वर फ्लाइंग कंट्रोलमधून विचारणा झाली, ऑफिसरने टेबलाकडे एक नजर टाकली आणि जागा मोकळी असल्याचं सांगितलं. त्यांनी टेबलावर विश्वास ठेवला, म्हणजे माझ्यावर.

बाहेर हॅरियर होतं तिथेच होतं. एक साखळी अडकली होती, सुटत नव्हती, दोन पोरं तिच्याशी झटत होती. डेकवरच्या ऑफिसरने अंधारात ते पाहिलं, आणि जहाजाच्या शेजारी येऊन ठेपलेल्या सी किंगला थांबायची खूण केली. चारेक मिनिटं ते तिथे घोंघावत राहिलं. त्याच्याकडे इंधन होतं. साखळी सुटली, विमान गेलं, हेलिकॉप्टर बसलं. कुणाला खरचटलंही नाही, आणि रजिस्टरमध्ये लिहिण्यासारखंही काही घडलं नाही.

चीफ मला ओरडले नाहीत. ते लिफ्टवरचा तुकडा उचलून पुन्हा जुन्या जागी ठेवून गेले, जरी तोवर खरं विमान खाली पोचलं होतं. मी तो तसाच बघत बसलो. मग उठलो, डेकवर गेलो, लिफ्टने खाली हँगरमध्ये उतरलो, विमानाला हात लावून पाहिला, वर आलो आणि तुकडा हलवला. त्या रात्री चहा राहिलाच.

बाहेरच्यांना वाटतं की हे काम वेगाचं आहे. डेकवरच्या माणसाला वेग लागतोच. टेबलावरच्या माणसाला मात्र, सगळे घाईत असताना, अर्धा मिनिट मागे राहण्याची हिंमत लागते. ऑफिसर विचारतोय, वरून विचारतायत, आणि तुम्ही म्हणताय, “सर, कन्फर्म नाही.” पहिले काही महिने हे तीन शब्द घशात अडकायचे.

का एवढं, हे कळावं म्हणून प्रशिक्षणात आम्हाला फॉरेस्टल जहाजाची फिल्म दाखवली होती. २९ जुलै १९६७, टाँकिनचं आखात. उड्डाणाला सज्ज विमानं डेकवर दाटीवाटीने लावलेली, भरलेल्या टाक्या, खाली बाँब. एका विमानावरून विजेच्या दोषाने एक रॉकेट सुटलं आणि समोरच्या विमानाच्या टाकीत घुसलं. १३४ माणसं गेली. आम्ही एकोणीस-वीस वर्षांची पोरं ती आग बघत होतो, आणि शिकवणारा सांगत होता की विमानाचं तोंड कुणीकडे आहे हेही टेबलावर दिसलं पाहिजे. तुकडा नुसता जागेवर असून भागत नाही, त्याचं नाक बरोबर दिशेला हवं. तोवर मला तो चित्रकलेचा भाग वाटत होता.

रोजचं काम अर्थात इतकं नाट्यमय नसे. आदल्या रात्री उद्याचा फ्लायप्रो यायचा, म्हणजे उड्डाणांचं वेळापत्रक. पहाटे किती विमानं, कुठली, काय लावून. मग आम्ही टेबलाशी बसून उलटीकडून मांडत यायचो. पहिलं उडणारं सर्वांत पुढे, त्याच्या मागे दुसरं. पण पुढचं विमान सुरूच झालं नाही तर? मागची तीनही बसली. म्हणून ज्याचा काल स्नॅग निघाला होता ते, कागदावर कितीही ठणठणीत असलं, तरी अशा जागी की बाजूला ढकलता येईल. दादांची रुसक्या स्टार्टरची गाडी! मी हे चीफना सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा मोकळे हसले. म्हणाले, कोट्टयमला त्यांचे मामा लाकडाच्या वखारीत होते, तिथेही हेच. जी फळी गिऱ्हाईक मागणार ती कायम ढिगाच्या तळाशी.

आणखी एक गोष्ट किनाऱ्यावरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. आमची जमीन वळायची. उड्डाणाला जहाजाचं तोंड वाऱ्याकडे करावं लागतं, आणि एवढं मोठं जहाज वळताना कलतं. त्या वेळी एखादं विमान सुटं असेल, ट्रॅक्टर आणि विमान दोन्ही ओल्या डेकवर असतील, तर उताराची दिशाच बदलते. म्हणून वळायच्या आधी डेकवर काही हलतंय का याची खात्री करून घ्यायची, आणि तेव्हा टेबलावर एक जरी तुकडा तिरपा असेल तर उत्तर ‘थांबा’. अठ्ठावीस हजार टनांचं जहाज माझ्या बोटाखालच्या तळहाताएवढ्या तुकड्यासाठी सरळ चालत राहायचं. गर्व वाटायचा, खोटं कशाला बोलू.

मी २००८ ला बाहेर पडलो. नंतरची जहाजं माझ्या वाट्याला आली नाहीत. विक्रमादित्य २०१३ साली आपल्या नौदलात आली, २८४ मीटर लांब. २ सप्टेंबर २०२२ ला कोचीत नवी विक्रांत दाखल झाली, आपल्याच देशात बांधलेली, २६२ मीटर. त्यांच्यावर मिग-२९ के, पंख मिटणारं विमान. माझ्या जिवाला बरं वाटलं. पण ते तारेत हूक अडकवून उतरतं, म्हणजे उतरण्याच्या वेळी तिरपी धावपट्टी साफ रिकामी हवी, तार चुकली तर पुन्हा उडायला वाट हवी. उतरलं की त्याला लगेच पट्टीबाहेर काढायचं, कारण मागचं येतंय. एका हाताने दिलेली जागा दुसऱ्या हाताने काढून घेतली. अमेरिकेने या कामाला संगणकाचे पडदे आणले तरी टेबलं बरीच वर्षं ठेवली होती. वीज गेली तरी टेबल चालतं.

हॅरियर मे २०१६ मध्ये गोव्यात निवृत्त झालं, आणि ६ मार्च २०१७ ला मुंबईत विराटचा ध्वज उतरला. मग तिचं काय करायचं यावर बरीच चर्चा. २०१८ मध्ये आपल्या राज्य मंत्रिमंडळाने सिंधुदुर्गात निवतीजवळ तिचं संग्रहालय करायला मंजुरी दिली, ८५२ कोटींचा आराखडा होता. मी मनातल्या मनात गाईडची नोकरीही धरली होती. ते झालं नाही. सप्टेंबर २०२० मध्ये, करोनाच्या ऐन दिवसांत, टगबोटी तिला ओढत अलंगला घेऊन गेल्या. जुनी विक्रांत तर त्याआधीच, २०१४ साली, मुंबईतच दारुखान्याला तुटली आणि तिचं थोडं पोलाद मोटरसायकलींच्या टाक्यांमध्ये गेलं. आमच्या कंपाउंडात तसली एक आहे. तिला मी सावलीतली जागा देतो, कारण विचारलं तर सांगत नाही.

विराट ओढत नेताना टीव्हीवर दाखवलं. डेक रिकामा होता. इतका रिकामा मी तो कधीच पाहिला नव्हता. माझं डोकं आपोआप जागा भरत गेलं, इथे दोन, इथे सी किंग, इथे यू-एस. बायकोने चॅनेल बदललं.

आता पनवेललाच विमानं आली. उलव्याचा डोंगर सपाट केला, नदीचा प्रवाह वळवला, गावं उठली, आणि ८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचं उद्घाटन होऊन २५ डिसेंबरपासून विमानं उडू लागली. धावपट्टी ३,७०० मीटर. मी हिशेब केला, विराटचा अख्खा डेक तिच्यावर सोळा वेळा मावतो आणि वर थोडी जागा उरते. माझी भाची तिथे एप्रनवर कामाला आहे. विमान कुठल्या स्टँडवर लागणार, ते कधी निघणार, पुढचं कधी येणार, हे सगळं तिच्या पडद्यावर.

“मामा, तुमचंच काम,” ती म्हणते. “फक्त आमचं हलत नाही.”

तिच्याकडून एक गोष्ट कळली आणि फार आवडली. प्रवासी विमानाची वेळ मोजतात ती ‘ऑफ ब्लॉक’ ते ‘ऑन ब्लॉक’. ब्लॉक म्हणजे चॉक. चाकाखालची पाचर निघाली तिथून वेळ सुरू, पाचर लागली की वेळ बंद. तिकिटावर छापलेल्या वेळेच्या मुळाशी कुणीतरी वाकून चाकाखाली ठेवलेला एक तुकडा आहे. मी तिला म्हटलं, मग पडद्यावर विमान लागलं असं कधी दिसतं? चॉक लागल्यावर की त्याच्या आधी? ती म्हणाली, “तुम्ही ना, अवघड प्रश्न विचारता.”

पहाटेची शिफ्ट असली की ती आदल्या रात्री आमच्याकडे झोपायला येते. आमच्या जिन्याखाली मी प्लायवूडची एक फळी लावली आहे, तिच्यावर कंपाउंडाचा नकाशा आणि गाड्यांऐवजी बाटल्यांची बुचं, त्यांवर फ्लॅटचे नंबर. लोक आधी हसले, आता रात्री गाडी लावली की आपलं बूच आपण हलवतात. मी दहा वाजता एकदा खाली जाऊन बघून येतो. परवा गेलो तर भाचीच्या स्कूटरचं बूच गेटजवळ होतं. तिला साडेतीनला निघायचं होतं, म्हणजे जागा बरोबरच. कंपाउंडात बॅटरी मारली. स्कूटर अजून पांढऱ्या गाडीच्या मागे, भिंतीला टेकून.

वरून तिने विचारलं, “मामा, काय झालं? सकाळी काढायचीच आहे ना, म्हणून ठेवलं.”

मी बूच उचलून भिंतीशी ठेवलं. मग पांढऱ्या गाडीच्या मालकाला उठवलं, त्याची गाडी हातभर पुढे घ्यायला लावली, स्कूटर बाहेर काढली, गेटपाशी स्टँडवर लावली आणि पुढच्या चाकाला एक वीट टेकवली. जिन्याखाली येऊन बूच पुन्हा गेटजवळ ठेवलं. ती कठड्यावरून वाकून बघत होती. “झालं?” तिने विचारलं.

मी परत जाऊन वीट एकदा पायाने दाबून पाहिली.